आडोसा धरा

आमच्या अकादमीचं मैदान म्हणजे ऊस तुटून गेलेलं एक रान होतं. रोलर फिरवून सपाट केलेलं आणि मध्ये चुन्याची लांबट गोल रेघ मारलेली. तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांचा ऊस डोक्याएवढा उभा, त्यामुळे वाऱ्याची झुळूक म्हणून आत यायची नाही. चौथ्या बाजूला एक लिंबाचं झाड होतं म्हणे. मी यायच्या आधीच सरांनी ते तोडून टाकलं होतं, कारण पोरं सावलीला बसायची. नव्या मुलांचे आईबाप आले की सर हे स्वतःहून सांगायचे. आईबाप कौतुकानं माना डोलवायचे. माझ्या बापानंही डोलावली होती.

सर म्हणजे निवृत्त हवालदार. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात घरटी एक फोटो गणवेशातला असतो, तशा गावातले. फौजेतून आल्यावर त्यांनी ही सैन्यभरतीची अकादमी काढली. तीस-बत्तीस मुलगे आणि आम्ही बारा मुली. मुलींची भरती सुरू झाल्यापासून आमच्यासारख्यांचीही सोय करावी लागली, पण सोय म्हणजे काय, तर राहायला वेगळी खोली. बाकी सगळं मुलग्यांचंच. सरांचं एक वाक्य होतं, दिवसातून दहा वेळा ऐकलेलं: "अंग तापल्याशिवाय गडी सुटत न्हाई." कुणी धापा टाकायला लागलं, कुणाचे कान लाल झाले, की सर खूश व्हायचे. "तापला रं तापला, आता बघा कसा सुटतोय." तापणं ही आमच्याकडे शाबासकी होती.

मैदानावर संडास नव्हता. मुतारीही नव्हती. राहण्याची खोली मैदानापासून एक किलोमीटरवर, आणि सराव सुरू असताना जायला परवानगी नाही. मुलगे उसात शिरायचे. आम्ही काय करायचं, हा प्रश्न सरांना कधी पडला नाही आणि आम्हीही कधी विचारला नाही, कारण एका पुरुषाला हे विचारायचं कसं? मग आमच्या आमच्यात एक पद्धत पडली. एक जुनी सोलापुरी चादर आम्ही रोज बरोबर न्यायचो. एखादीला अगदीच राहवेना की चौघी जणी उसाच्या कडेला जाऊन चादरीचा आडोसा धरायच्या. नियम एकच. आडोसा धरणारीनं पाठ करून उभं राहायचं आणि मागं वळून बघायचं नाही. हा नियम कुणी लिहिला नव्हता, पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती. आणि आडोसा धरायला लावणं म्हणजे चौघींची शिक्षा, म्हणून सगळ्यात सोपा उपाय आम्ही काढला होता. पाणीच प्यायचं नाही. निळ्या ड्रमातलं पाणी तोंडात घ्यायचं, खळखळवायचं आणि थुंकायचं. मी चार महिने असं केलं. आज मला त्या मुलीच्या कानफटात द्यावीशी वाटते, म्हणजे माझ्याच.

वरून जर्किन. मुलगे बनियनवर पळायचे, आणि मुलींना टी-शर्टवर काळं जर्किन सक्तीचं. गळ्यापर्यंत चेन. एकीनं एकदा मार्चमध्ये अर्धी चेन खाली केली तर सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरांचं ध्यान जातंय. चेन वर घ्या." ध्यान जाणाऱ्या पोरांना कुणी काही बोललं नाही.

माझी रूम पार्टनर कृष्णाकाठची, वाळव्याकडच्या उसाच्या गावातली. तिचे वडीलही फौजेतून आलेले. मी जतच्या बाजूची. आमच्या घरी आजोबांपर्यंत सगळे मेंढरं घेऊन मुलूख फिरले, वडिलांनी डाळिंब लावून घर धरलं, तरी दारात पन्नासेक मेंढरं होतीच. पहिल्याच आठवड्यात ती माझी बॅग बाजूला सरकवत म्हणाली, "तुझ्या बॅगंला बी मेंढरांचा वास येतोय गं." खोलीतल्या बाकीच्या हसल्या. मीही हसले. मग तीन वेळा ती बॅग धुतली, आणि त्या दिवसापासून घरच्या मेंढरांबद्दल एक शब्द कुणापाशी काढला नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, डाळिंबाची बाग आहे.

मला ती आवडत नव्हती. हे आता बदलून लिहिण्यात अर्थ नाही. तिचं ते त्यांच्याकडच्या मुली बोलतात तसं "मी आलो, मी गेलो" ठसक्यात बोलणं, घरून आलेला डबा सगळ्यांना वाटून वर मोठेपणा मिरवणं, सगळं मला खुपायचं. आणि सगळ्यात जास्त खुपायचं ते तिचं पळणं. सोळाशे मीटरला ती माझ्यापुढे दोन-तीन सेकंद असायची. रोज. दोन-तीन सेकंद म्हणजे काहीच नाही आणि तेवढ्यात सगळं असतं. सर म्हणायचे, "फौजीची पोरगी हाय, रगतातच हाय तिच्या." माझ्या रक्तात काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एप्रिल संपत आला होता. ती चुलत बहिणीच्या लग्नाला दहा दिवस घरी जाऊन टेस्टच्या आदल्या संध्याकाळी परतली. लग्नाचं खाऊन तिचं पोट बिघडलेलं. दोनदा संडासला जाऊन आली आणि मला म्हणाली, "सरांना सांगू नगंस. उद्याची टेस्ट चुकवणार न्हाई मी." मी नाही सांगितलं. मैत्री म्हणून नाही. तिचं पोट बिघडलंय तर उद्या माझी संधी आहे, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला.

एरवी आम्ही पहाटे पळायचो. पण भरती जवळ आल्यावर सरांनी उन्हातला सराव काढला होता. त्यांचं म्हणणं असं, की भरतीत तुमचा नंबर सकाळी लागेल का भर दुपारी, ते तुमच्या हातात नाही. "उनात पळायची सवय नसंल तर तितं जाऊन तोंड वासून बसशीला." हे ऐकायला बरोबर वाटतं. मलाही वाटलं होतं. आजही मला भेटणाऱ्या निम्म्या लोकांना बरोबर वाटतं, आणि मी त्यांच्याशी भांडते.

त्या दिवशी साडेदहाला सुरुवात झाली. आधी पाच किलोमीटर. मग एक मुलगा उशिरा आला म्हणून सगळ्यांना रगडा, म्हणजे बेडूकउड्या आणि कोपरांवर सरपटणं, तापलेल्या मातीत. कोपरं सोलून निघाली. मग पाच मिनिटं बसा, आणि आता सोळाशेची टेस्ट, आधी मुली. चार फेऱ्या. त्या पाच मिनिटांत मी ड्रमाकडे गेले, चूळ भरली आणि थुंकले. तिनं तेवढंही केलं नाही. मांडीत डोकं घालून बसली होती.

शिट्टी झाली. मी मनगटावरचं घड्याळ सुरू केलं. बाराशेपर्यंत ती पुढेच होती, पण दुसऱ्या फेरीतच मला दिसलं की काहीतरी बिनसलंय. तिचे हात नेहमी घट्ट दुमडलेले असायचे, ते लोंबायला लागले होते. तिसऱ्या फेरीत ती चुन्याच्या रेघेवरून बाहेर गेली, परत आत आली, पुन्हा बाहेर. मी जवळ गेले तेव्हा तिनं वळून बघितलं आणि मला एक शिवी दिली. ती शिव्या देणारी नव्हती. आणि बघितलं म्हणजे माझ्याकडे बघितलं असंही नाही. डोळे माझ्यावर होते, पण मी कोण हे तिला कळत नव्हतं. चेहरा लालभडक. रेघेच्या पलीकडून सर ओरडले, "तापली, तापली. आता सुटती बघा."

मी थांबायला हवं होतं. मी तिच्या बाजूनं पुढे गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या मागे पडली होती, आणि मला इतकं बरं वाटलं की पायांतला थकवा गेला. मागे धप्प झालेलं मी ऐकलं. ऐकलं आणि वळले नाही. उरलेली अर्धी फेरी पूर्ण केली आणि रेघ ओलांडून सरांकडे गेले, टायमिंग विचारायला. सर माझ्याकडे बघतच नव्हते, माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. घड्याळात सात मिनिटं आणि वर काही सेकंद झाले होते. ते बंद करायचं मी विसरले.

ती पलीकडच्या वळणावर पडली होती. आम्ही गेलो तेव्हा ती हात मारत होती, उठायला बघत होती, पुन्हा पडत होती, तोंडातून काहीतरी असंबद्ध. मुलग्यांपैकी एक म्हणाला, "नाटक करतीया." दुसऱ्यानं कपाळाला हात लावला आणि झटक्यात काढून घेतला. "सर, लय तापलीया ही." आता हा शब्द शाबासकीचा राहिला नव्हता, पण सरांनी तो उलट्या अर्थानं घेतला. ताप आलाय म्हणजे आजारी, आजारी म्हणजे झाका. आणि मुलगी म्हणजे पुरुषांनी हात लावायचा नाही. तेवढ्यात तिचा टी-शर्ट जर्किनसकट वर सरकला आणि पोट दिसलं. सरांनी मान फिरवली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरं मागं फिरा. पोरींनो, आडोसा धरा. बाईंस्नी फोन करतो मी."

बाई म्हणजे सरांच्या पत्नी. मेस चालवायच्या. त्या येईपर्यंत आम्ही काय करायचं हे त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि ते आम्हाला करता येत होतं. रोजचंच काम. चौघी पळत गेलो, चादर आणली. एक चादर पुरेना म्हणून बसायची सतरंजीही घेतली. चार बाजूंना चौघी उभ्या राहिलो, पाठी तिच्याकडे आणि तोंडं बाहेर. जर्किनच्या आत ती शिजत होती, ऊस तिन्ही बाजूंनी वारा अडवत होता, आणि उरलेला वारा आम्ही अडवला. एका सैनिकाच्या मुलीची अब्रू राखायला चौघी तरण्याताठ्या मुली चादरी ताणून उभ्या. मुलगे पाठमोरे. सर फोनवर. कुणालाही कसलीही घाई नव्हती, कारण जे करायचं ते सगळ्यांनी केलं होतं.

मला काय करायचं ते माहीत होतं. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. लहानपणी चैत्रात भर दुपारी मेंढरं हाकलत आणावी लागली की एखादं पडायचं. तोंड उघडं, मान टाकलेली, हात लावला तर चटका बसेल असं अंग. माझा बाप त्याला उचलून सरळ ओढ्यात नाहीतर टाक्यात घालायचा. मान वर धरायची आणि जांघेत, काखेत, पोटाखाली पाणी मारत राहायचं. मी एकदा त्या मेंढराच्या तोंडात तांब्या लावायला गेले तर बापानं तांब्या हिसकावला होता. "तोंडात घालू नगं, शुद्ध नसल्याव घशात जातंय, गुदमारतंय. अंगाव घाल." निम्मी मेंढरं वाचायची. शाळेत न गेलेल्या माझ्या बापाला हे येत होतं. वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला येत नव्हतं, किंवा येत असलं तरी मुलीच्या बाबतीत चालत नव्हतं.

आणि पाणी होतं. मैदानाच्या कडेनं उसाला पाट होता आणि मोटार चालू होती. पाटातून विहिरीचं गार पाणी वाहत होतं, आमच्यापासून वीस पावलांवर. ते मला दिसत होतं. मी पाटाकडेच तोंड करून उभी होते.

मग मी बोलले का नाही? याची उत्तरं मी स्वतःला बरीच दिलीत. सर समोर होते. मुलगे होते. नियम होता. ही सगळी खरी आहेत आणि ही सगळी नंतर शोधलेली आहेत. तिथं उभी असताना डोक्यात होतं ते असं, की मेंढराचं नाव काढलं तर या सगळ्या पुन्हा हसतील. आणि दुसरं असं, की ती पडलीय आणि मी पहिली आलेय, आणि हे कुणीतरी बोलावं. मागे ती काहीतरी पुटपुटत होती. एक शब्द कळला, पाणी. नंतर तोही कळेनासा झाला. माझे हात भरून आले म्हणून मी चादरीचं टोक या हातातून त्या हातात घेतलं.

बाई आल्या त्या चालत आल्या. हातात कांदा आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या. त्या आडोशाच्या आत शिरल्या, "अगं बाय माझे" म्हणाल्या, कांदा फोडून नाकाशी धरला. मग म्हणाल्या, "आ कर, आ कर बाळ," आणि पाठोपाठ मला तो आवाज आला. खोकला नाही. खोकता येत नाही तेव्हा घशात जो खुळखुळाट होतो तो. मी तो ओढ्याच्या कडेला ऐकलेला होता.

मी वळले. चादर सोडली. बाईंच्या हातातला तांब्या उडवला आणि तिला काखेत धरून ओढायला लागले. माझ्या बाजूची एक मुलगी काही न विचारता पायाकडे आली. तिसरी आली. चौथी तशीच सतरंजी धरून उभी राहिली, रिकाम्या जागेला पाठ करून. सर ओरडले, "ए, काय चाललंय? पोरं हायती हितं." आम्ही तिला पाटात आडवी टाकली. जर्किनची चेन मातीनं अडकली होती, ती मी खालून फाडली. बाह्या निघेनात, त्याही फाडल्या. मान माझ्या मांडीवर घेतली आणि दोघी जणी तिच्या अंगावर ओंजळींनी पाणी मारायला लागल्या, काखेत, पोटावर, जांघेत. ओला टी-शर्ट अंगाला चिकटला. मुलग्यांपैकी बरेच जण अजून पाठमोरे होते, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. काही नव्हते. एकाच्या हातात मोबाईल होता. मी त्याला माझ्या गावच्या भाषेत जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. त्यानं मोबाईल खिशात घातला, पण तोवर त्याचं काम झालं होतं.

माझा हात पाण्यात गेला तेव्हा घड्याळ दिसलं. ते अजून पळतच होतं. एकोणीस मिनिटं.

सरांच्या जीपमधून तिला हायवेवरच्या दवाखान्यात नेलं, ओल्या चादरीत गुंडाळून, खिडक्या उघड्या ठेवून. सर गाडी चालवत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "रोज तर पळती. रोज तर पळती ही." तिथल्या डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, आकडा बघून परत लावला, आणि बर्फाची सोय करायला माणूस पिटाळला. दुसऱ्या दिवशी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली आणि मग थेंबभरही होईना. स्नायू फुटून त्यातलं जे रक्तात आलं त्यानं किडन्या बंद पडल्या होत्या. सांगलीला हलवलं.

हलवण्याआधी तिचे वडील पोचले. ताठ, मिशी करकरीत, कडक इस्त्रीचा शर्ट. मोबाईलवरचं त्यांना वाटेतच कुणीतरी दाखवलेलं होतं. मुलगी आत बेशुद्ध, आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या आम्हा तिघींना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा.

"जर्किन कुणी काढलं?"

"मी," मी म्हणाले.

"इतकी पोरं उभी असताना?"

"व्हय."

"सरांनी आडोसा धराय सांगितलं हुतं नव्हं?"

"सांगितलं हुतं."

ते पुढं जे बोलले त्यात माझी जात होती, माझ्या आईचं वळण होतं, आणि आमच्यासारख्या उघड्यावर वाढलेल्यांना लाज कुठली, असंही होतं. सर शेजारी उभे होते. खाली बघत होते. आपल्या अकादमीचं नाव वाचतंय असं दिसल्यावर माणूस जसा गप्प राहतो तसे गप्प. मी कुणाच्या बापाला उलट बोलणारी नाही असं मला तोवर वाटत होतं. मी म्हणाले, "मग काय झाकून जाळाय पायजे हुतं काय?" त्यांनी हात उगारला. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, कारण मग मी नुसती अन्याय झालेली राहिले असते.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस मी त्याच थाटात होते. अकादमी सोडली, गावी आले. आई विचारायची, बाप विचारायचा. मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचे: सगळे मूर्ख उभे होते आणि मी तिला पाण्यात घातली. बाप म्हणाला, "ब्येस केलंस." गावात कुणी त्या मोबाईलवरच्या चित्राबद्दल कुजबुजलं की मी त्यांच्या दारात जाऊन भांडायचे. माझा राग सगळीकडे पुरत होता. सरांना, तिच्या बापाला, मुलग्यांना, कांदा घेऊन चालत आलेल्या बाईंना. भांडण करताना माणसाला स्वतःकडे बघावं लागत नाही.

मग तिचा फोन आला. म्हणजे तिच्या आतेबहिणीचा, तिच्या वतीनं. शुद्धीवर आलीय, डायलिसिस अजून सुरू आहे, तुला बोलावतेय. मी माझं सगळं भाषण एसटीत तयार केलं. तिलाही अब्रूचंच पडलं असणार, असं मी धरून चालले होते. ती विचारेल कोण कोण होतं, मी सांगेन. ती रडेल, मी सुनावेन, की जीव राहिला म्हणून लाजायला तरी उरलीस.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिचे वडील बसले होते. इस्त्री नव्हती. मला बघून त्यांनी मान दुसरीकडे केली आणि म्हणाले, "तिनं बोलावलंय म्हणून."

ती आत खिडकीकडच्या खाटेवर होती. अर्धी झालेली. मानेशी नळी टोचलेली. शब्द शोधून शोधून बोलत होती, एक शब्द सापडला की पुढच्यासाठी थांबायची. ठसका सगळा गेला होता. मी स्टुलावर बसले. मी म्हणाले, "कसं वाटतंय आता?"

"मला पळलेलं आठवत न्हाई," ती म्हणाली. "पडलो कवा ते आठवत न्हाई. पाण्यात घातल्यालं बी न्हाई. डॉक्टर म्हणत्यात, आठवणार न्हाई."

"बरंय की मग."

"एकच आठवतंय. तुझी पाठ. मी खाली, आणि तुझी पाठ वर. लय येळ. मी पाणी म्हणाल्यालं तुला ऐकू आलं हुतं. तू टोक या हातातनं त्या हातात घेतलंस."

एसटीत तयार केलेल्या भाषणातलं एक वाक्यही इथं चालण्यासारखं नव्हतं.

"किती येळ हुतीस तशी?" तिनं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. तिला मोजता येणार नव्हतं. "धा मिनिटं," मी म्हणाले. "माझं घड्याळ चालू हुतं."

"तुला म्हाईत हुतं? काय कराय लागतंय ते?"

"व्हय. मेंढरांचं बघितल्यालं."

ती माझ्याकडे बघत राहिली. आता डोळ्यांत मी कोण आहे ते पक्कं होतं. मला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं, आणि मी सांगितलं, की तू पडलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिनं मान हलवली, जणू तेवढंच तपासायचं राहिलं होतं.

"जा आता," ती म्हणाली. "परत येऊ नगंस."

मी दार ओढून बाहेर आले. व्हरांड्यात एक तरुण डॉक्टर तिच्या वडिलांशी बोलत होते. मला बघून त्यांनी विचारलं, "हीच का ती मुलगी?" आणि वडिलांना म्हणाले, "हिनं पाण्यात घातलं नसतं तर तुम्हाला इथं बसायची वेळच आली नसती." ते पुढच्या खोलीत निघून गेले.

तिचे वडील उठले. मग वीस वर्षं फौजेत ताठ उभा राहिलेला तो माणूस माझ्यासमोर वाकला आणि त्यानं दोन्ही हात जोडले. "चुकलो मी," ते म्हणाले. "लेक वाचवलीस, बाय. तुझं उपकार फिटायचं न्हाईत."

आत ती जागी होती. दार पातळ होतं, तिला ऐकू गेलं असणार. मी म्हणाले, "असू दे, काका. माझं कामच हुतं ते." त्यांनी चहा मागवला आणि तो मी तिथंच बसून प्यायले.